अभ्यासिकेसाठी दोन संगणक: एक असेंबल, एक ब्रँडेड

चोपडा तालुका, जि. जळगाव. नोंदी एप्रिल ते जून २०२४. गावोगावच्या अभ्यासिकांसाठी हेच काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून चुका आणि खर्च जसे झाले तसे लिहिले आहेत.

२७ एप्रिल, शनिवार

वर्गणी एक लाख. त्यात मॉनिटर, यूपीएस, वायरिंग धरून दोन संगणक बसवायचे. रोजची कामे तीन: टायपिंगचा सराव, ऑनलाइन फॉर्म व सराव परीक्षा, आणि शिक्षकांच्या तासांच्या व्हिडिओंची काटछाट. पहिल्या दोन कामांना साधे मशीन पुरते, व्हिडिओला जोर लागतो. टायपिंग सरावाचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, व्हिडिओचे केडेनलाइव्ह उबुंटूवर (विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली) फुकट मिळते. म्हणून पहिले मशीन ब्रँडेड घ्यायचे, दुसरे सुटे भाग आणून जोडायचे.

विंडोजचा हिशेब आधी करा. 'असेंबल स्वस्त पडतो' असे जो तो म्हणतो, पण त्यात विंडोजची किंमत कोणी धरत नाही. दुकानदार पाचशे रुपयांत 'टाकून देतो' ती चोरीची प्रत असते. अभ्यासिकेत पोरांचे आधार, जातीचे दाखले, बँकेचे तपशील त्या मशीनवर उघडले जातात, तिथे असली प्रत नको. खरी विंडोज ११ होम घ्यायची तर साधारण साडेनऊ हजार. आमच्या भागांची बेरीज ३०,८०० आहे. विंडोज धरली की ४०,३०० होतात, आणि ब्रँडेड मशीन विंडोजसकट ३७,९०० ला मिळते. उबुंटू चालणार असेल तरच असेंबलमध्ये पैसे वाचतात.

२९ एप्रिल, सोमवार

भाग ठरले. भाव जीएसटीसह, काही ऑनलाइन, काही जळगावच्या गोलाणी मार्केटमधून:

रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ११,८००. सहा कोअर, ग्राफिक्स आतच, वेगळे कार्ड लागत नाही, डब्यात पंखाही येतो.
बी४५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड, ५,९००.
रॅम ८+८ जीबी डीडीआर४ ३२००, ३,४००.
५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ३,३००.
४५० वॅट ब्रॉंझ दर्जाचा एसएमपीएस (भिंतीची वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा डबा), ३,१००.
पुढे जाळी असलेले कॅबिनेट, २,६००.
१२० मिमीचे दोन जादा पंखे, ७००.

कॅबिनेटबरोबर सातशे रुपयांत मिळणारा '४५० वॅट'चा एसएमपीएस घेऊ नका. हातात धरला तरी फरक कळतो, तो पत्र्याच्या रिकाम्या डबीइतका हलका असतो. व्होल्टेज रोज वरखाली होणाऱ्या गावात पैसे वाचवायची जागा ही नव्हे. रॅम १६ ची एकच न घेता ८ च्या दोन घेतल्या, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमच वापरते आणि दोन कांड्या असल्या की त्याला रुंद वाट मिळते.

मदरबोर्ड निवडताना चूक झाली. बी५५० चा बोर्ड दोन हजारांनी महाग होता म्हणून बी४५० घेतला. ते दोन हजार कसे वसूल झाले ते पुढे येईल.

५ मे, रविवार

सर्व भाग काल आले, आज जोडणी. टेबलावर लाकडी पाट, त्यावर बोर्डाचा खोका, खोक्यावर बोर्ड. गालिचा, सतरंजी नको.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. दांडी वर करून प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनाने खाली बसतो, बोटाने दाबावा लागला तर तो चुकीचा ठेवला आहे असे समजा.

पंख्याशी अर्धा तास झगडलो. डब्यातला पंखा स्क्रूने बसतो, पण बोर्डावर आधीच दोन प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या काढाव्या लागतात. त्या पट्ट्यांचे चार स्क्रूच बोर्डामागची लोखंडी प्लेट धरून ठेवतात. स्क्रू काढले की प्लेट मागून खाली पडते, आणि मग पंख्याचे स्क्रू कशातच जात नाहीत. प्लेट मागून हाताने धरा किंवा खाली वहीचा गठ्ठा द्या. चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे, मग समोरासमोरचे कोपरे धरून आवळा. एकच बाजू आधी आवळली तर पंखा तिरका बसतो.

रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत. एसएसडीचा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो, तो वाटीत ठेवा.

इथवर आल्यावर बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी खोक्यावरच चालू करून पाहायला हवा होता. एसएमपीएस जोडायचा, मॉनिटर लावायचा आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या, एवढेच काम. ते टाळले, सगळे आत बसवले, वायरी बांधल्या, आणि मग बटण दाबले. पंखे फिरले, डिस्प्ले नाही.

पुढचे दोन तास: प्रोसेसरची वेगळी ८ पिनांची वायर लावली आहे का, लावली होती. रॅम एकेक करून पाहिली. मॉनिटरची वायर बदलली. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात, त्यातला 'सीपीयू' लिहिलेला लाल दिवा सतत पेटत होता. तो आधी पाहिला असता तर रॅम काढ-घाल करण्यात वेळ गेला नसता.

७ मे, मंगळवार

कारण सापडले. बी४५० ही २०१८ ची चिपसेट, ५६००जी हा २०२१ चा प्रोसेसर. बोर्ड जुन्या मालातला निघाला, त्याच्या बायोसला (बोर्डातच साठवलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' असा शिक्का असतो, आमच्यावर नव्हता. काही बोर्डांवर नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलायचे बटण असते, यावर तेही नाही. जुना रायझन बसवून बायोस बदलणे हाच मार्ग.

त्यासाठी प्रोसेसर काढायला गेलो आणि मोठे नुकसान होता होता वाचले. पंखा सरळ वर ओढला, तर पंख्याच्या बुडाला लावलेल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आला, दांडी बंद असतानाच. याच्या पोटाखाली १३३१ पिना असतात. टॉर्च आडवी धरून पाहिले तेव्हा एका कोपऱ्यातल्या दोन पिना शेजारणीवर झुकलेल्या दिसल्या. ०.५ च्या शिसपेन्सिलीतले शिसे काढून तिची पोकळ नळी पिनेवर चढवली आणि केसभर केसभर सरळ केल्या. मग एटीएम कार्डाची कड ओळींमधून उभी-आडवी फिरवली. कुठे अडली नाही तेव्हा थांबलो. पाऊण तास गेला. पिन मोडली असती तर ११,८०० पाण्यात, कारण वॉरंटीत हे बसत नाही.

पंखा काढायची रीत अशी: मशीन चालत असेल तर दहा मिनिटे चालवून पेस्ट गरम होऊ द्या. चालत नसेल तर पंख्याच्या बुडाला केस वाळवायच्या मशीनने ऊब द्या. स्क्रू सोडून पंखा डावी-उजवीकडे हळूहळू पिळा, सुटल्याची जाणीव झाली की मगच उचला.

९ मे, गुरुवार

उद्या आखाजी (अक्षय्य तृतीया), दुकाने बंद, म्हणून आजच एसटीने जळगाव. गोलाणीत एका दुकानदाराकडे जुना रायझन होता. त्याने बायोस बदलून दिले, ३०० रुपये. काम वीस मिनिटांचे, दिवस पूर्ण गेला. नवी पेस्ट २५० ची. जुनी पेस्ट सुती कापडाने पुसून, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावायची.

दरम्यान काल ब्रँडेड मशीन आले. आय३-१२१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एक कांडी, ५१२ जीबी एसएसडी, एक वर्षाची घरपोच सेवा. खोका उघडल्यापासून चाळीस मिनिटांत चालू. पुढे अपडेटमध्ये दोन तास आणि मोबाइलचा सहा जीबी डेटा गेला, तो आधी धरून ठेवा.

१२ मे, रविवार

असेंबलला डिस्प्ले आला. उबुंटू २४.०४ टाकताना तीन वेळा मधेच बंद पडले. पेनड्राइव्ह बदलला, फाइल पुन्हा उतरवली, दीड दिवस वाया. शेवटी रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला तर चौथ्या मिनिटाला लाल ओळी. एकेक कांडी वेगळी तपासली, एक खराब. नवे मशीन जोडले की काहीही टाकण्याआधी मेमटेस्ट एक पूर्ण फेरी चालवा, रात्री लावून झोपलात तरी चालेल. खराब कांडी बदलायला कुरिअर केली. बिलावर सीरियल नंबर होता म्हणून वाद झाला नाही. तोवर एकाच कांडीवर.

१४ मे, मंगळवार

काल मतदान, अभ्यासिका बंद. आज पहिल्यांदा पोरे बसली आणि तक्रार आली की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. दोन्ही मशीनना.

मल्टीमीटरने कॅबिनेटच्या स्क्रूपासून ओल्या फरशीपर्यंत मोजले: ११२ व्होल्ट. हा आकडा पाहून घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीकडे एकेक बारीक कपॅसिटर असतो, त्यांच्यामुळे अर्थिंग नसेल तर बॉडीवर मुख्य दाबाच्या अर्धा दाब दिसतो. प्रवाह अगदी कमी असतो, म्हणून झटका न बसता नुसते झिणझिणते. पण अर्थिंग नाही हे त्यातून पक्के कळते. सॉकेट उघडले तर तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. आतून बिघाड होऊन सरळ फेज बॉडीवर आला असता तर तो कोणाच्या तरी हातातूनच गेला असता.

वायरमनने सुचवले की सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकू, झिणझिण्या थांबतील. थांबतात खऱ्या. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर दोन्ही कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. जिथे पोरे अनवाणी बसतात तिथे हे कोणी करू देऊ नका, वायरमन कितीही जुना असला तरी.

१६ मे, गुरुवार

अर्थिंग केले. इमारतीमागे आठ फूट खड्डा, जीआय पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर सिमेंटचे छोटे चौकट-झाकण. मजुरीसकट ३,४००. फेज ते अर्थ २३१, न्यूट्रल ते अर्थ २.१ व्होल्ट. झिणझिण्या गेल्या. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि पाइपाभोवती पोकळी पडते, म्हणून पाऊस लागेपर्यंत दर रविवारी पाइपात दोन बादल्या पाणी. पाण्याची पाळी पोरांच्या हजेरीच्या तक्त्यावरच लिहिली आहे.

१९ मे, रविवार

लाईट गेली की असेंबल मशीन रीस्टार्ट होते, ब्रँडेड कधी होते कधी नाही. खोलीत पंख्यांसाठी आधीच स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीची, ओबडधोबड वीज देणारे) इन्व्हर्टर आहे, दोन्ही मशीन त्यावरच लावली होती.

इन्व्हर्टरमागे दोन खटक्यांचे बटण असते. साध्या खटक्यावर बॅटरीकडे वळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ एसएमपीएस तग धरत नाही, तो साधारण १६ ते १७ मिलिसेकंद टिकतो. 'यूपीएस' खटक्यावर ते झटकन वळते, म्हणून तिकडे केले. मग दुसरेच दुखणे. त्या खटक्यावर व्होल्टेज १८० च्या खाली गेले की इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर जाते. आमच्या डीपीवर पिठाची गिरणी आहे, संध्याकाळी सहा ते नऊ व्होल्टेज १६५ ते १७५. बॅटरी साडेसातला संपली आणि पंखेही बंद.

उपाय: इन्व्हर्टर साध्या खटक्यावर, फक्त पंखे-दिव्यांना. संगणकांना ६०० व्हीएचे दोन वेगळे यूपीएस, प्रत्येकी २,९००, १४० ते ३०० व्होल्ट स्वीकारणारे. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट. आमचे असेंबल मॉनिटरसकट पूर्ण जोरात ११५ वॅट खाते, तेव्हा भरपूर आहे. यूपीएस इन्व्हर्टरच्या लाइनवर लावू नका. स्क्वेअर वेव्ह त्याला बिघडलेली वीज वाटते आणि तो टीटी करत स्वतःची बॅटरी उपसत राहतो. इन्व्हर्टरच्या आधी, एमसीबी पेटीतून वेगळी लाइन ओढली, १,६००.

२३ मे, गुरुवार

उष्णतेची चाचणी. दुपारी तीन, स्लॅबचे छप्पर, खोलीत ४१ अंश. चाळीस मिनिटांच्या तासाचा व्हिडिओ बाहेर काढायला लावला. दहा मिनिटांत प्रोसेसर ९३ अंशांवर, या प्रोसेसरची मर्यादा ९५. पंखा किंचाळतोय. वेळ २१ मिनिटे.

कॅबिनेट उघडून पाहिले. मागचा पंखा उलटा बसवला होता, तोही हवा आत ढकलत होता. पंख्याची ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या दांड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत गरम हवा कोंडत होती. पंखा फिरवला, कॅबिनेट भिंतीपासून चार इंचांवर होते ते एक फुटावर आणले: ८८ अंश.

२५ मे, शनिवार

बायोसमध्ये 'ईको मोड' (प्रोसेसर किती वीज खाईल त्याची मर्यादा) ४५ वॅटवर केला. कारखान्यातून तो ६५ वर येतो. तोच व्हिडिओ, तीच वेळ, खोली ४२: प्रोसेसर ७७ अंश, पंख्याचा आवाज निम्मा, वेळ २३ मिनिटे. दोन मिनिटांसाठी अकरा अंश. एप्रिल ते जून हे मशीन असेच चालेल. खानदेशात असेंबल करणाऱ्याने महागडा कूलर घेण्याआधी हे करून पाहावे. ब्रँडेडच्या बायोसमध्ये असे काही बदलता येत नाही, पण त्याचे काम हलके, ते ७० च्या पुढे गेले नाही.

हवेचा कूलर खिडकीत आहे, त्याचा झोत कॅबिनेटवर सरळ येऊ देऊ नका. गार वाटते, पण ओलसर हवेने धूळ पंख्याच्या पात्यांवर चिखलासारखी बसते आणि ब्लोअरने निघत नाही. वावटळीची धूळ अडवायला दोन्ही मशीनच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी दुहेरी टेपने लावली. कॅबिनेटमागची एक पत्र्याची पट्टी तोडली गेली होती, तिथेही जाळी, नाहीतर पाल आत जाते आणि एसएमपीएसमध्ये मरते.

२८ मे, मंगळवार

बदलून आलेली कांडी बसवली. रॅम २६६६ वर चालत होती, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सोय) चालू करून ३२०० वर आणली. केडेनलाइव्हमध्ये काटछाट करताना चित्र अडखळत होते ते थांबले. पुन्हा रात्रभर मेमटेस्ट, शून्य चुका.

ब्रँडेडलाही ८ जीबीची दुसरी कांडी, १,७५०. उघडण्याआधी सेवा केंद्राकडून मेलवर लेखी घेतले की रॅम वाढवल्याने वॉरंटी जात नाही. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

७ जून, शुक्रवार

संध्याकाळी वादळ, विजा, केळीचे बाग आडवे. लाईट आली तेव्हा ब्रँडेड बंद ते बंदच. एसएमपीएस गेला. यूपीएसचा टीटी आवाज नको म्हणून कोणीतरी ते मशीन सरळ भिंतीच्या सॉकेटला लावले होते. यूपीएसवरचे असेंबल सुखरूप. म्हणजे हा ब्रँडेडचा दोष नाही, आता दोन्ही यूपीएसच्या प्लगला टेप लावून वर तारीख टाकली आहे.

१४ जून, शुक्रवार

८ तारखेला तक्रार नोंदवली. कागदावर 'पुढच्या कामाच्या दिवशी', माणूस आला आज. आला तेव्हा मात्र वीस मिनिटांत एसएमपीएस बदलून दिला, पैसा घेतला नाही. मधल्या काळात गोलाणीत विचारून पाहिले: याचा एसएमपीएस अरुंद आहे आणि बोर्डाकडे जाणारा कनेक्टर वेगळाच, नेहमीच्या २४ पिनांचा नाही. बाजारातला कोणताही बसत नाही. वर्ष संपल्यावर असे झाले तर याच कंपनीचा भाग मागवावा लागेल. असेंबलचा गेला असता तर ३,१०० आणि एक एसटी फेरी, संध्याकाळी चालू. उलट असेंबलची रॅम बदलायला पंधरा दिवस लागले आणि त्यासाठी कोणी दारात आले नाही, हेही खरे.

२० जून, गुरुवार

हिशेब. असेंबलचे भाग ३०,८००, कीबोर्ड-माऊस ७५०, बायोस ३००, पेस्ट २५०. ब्रँडेड ३७,९०० अधिक रॅम १,७५०. साडेएकवीस इंचांचे दोन मॉनिटर १३,६००. यूपीएस ५,८००. अर्थिंग ३,४००. वेगळी लाइन १,६००. जाळी, टेप, एसटी, कुरिअर १,०५०. एकूण ९७,२००.

वेळ: असेंबलची नुसती जोडणी तीन तास, ते नीट चालायला २३ दिवस. पुन्हा करायचे झाले तर टायपिंग आणि फॉर्मसाठी ब्रँडेडच घेऊ, व्हिडिओसाठी असेंबलच करू, बोर्ड मात्र बी५५० चा. आणि एकही खोका आणण्याआधी वायरमनला मल्टीमीटर घेऊन बोलावू.

उरलेले २,८०० तिसऱ्या यूपीएस बॅटरीसाठी बाजूला ठेवले आहेत. जाळ्या धुवायची पुढची तारीख ५ जुलै. धुताना पंख्याची पाती बोटाने धरूनच ब्लोअर मारा.